उघड्या जुन्या गाडीला मागे सीट बेल्ट: बांधायचे तरी कशाला?

टपउघडे
जुनी चार आसनी कन्व्हर्टिबल घरी आली, त्याला आता वर्ष होईल. १९६० च्या दशकातली आहे, दोन दरवाजे, कापडी टप. पुढे नुसते कमरेचे पट्टे, मागे तेही नाहीत. मुलं चार आणि नऊ वर्षांची. दोघांना मागेच बसायचंय आणि टप उघडाच हवाय. बायकोने निकाल देऊन टाकलाय, मागे पट्टे लागेपर्यंत मुलं या गाडीत पाऊल ठेवणार नाहीत. तिचं बरोबर आहे, म्हणून हा धागा.

विचारायचं एवढंच: मागे नुसता कमरेचा पट्टा पुरेल की खांद्यावरून येणाराच हवा? खांद्याचा हवा असेल तर त्याचं वरचं टोक कशाला बांधू? बंद गाडीत मागच्या खिडकीशेजारी खांब असतो, इथे खिडकीच्या वर थेट आकाश आहे. आणि तळाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. भोक पाडून बोल्ट आवळला तर धरेल का?

मॉडेल मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की धागा "आमच्या काकांकडे हीच होती" वर जाईल.

अर्धा_पान्हा
मॉडेल?

रामभरोसे
आमच्या लहानपणी मागच्या सीटवर सहा-सहा पोरं कोंबलेली असायची. कुणाला काही झालं नाही. शिवाय उघडी गाडी उलटली तर पट्ट्याने बांधलेला माणूस खाली चेंगरणार, मोकळा असेल तो निदान बाहेर तरी फेकला जाईल. जुन्या गाडीला जुन्यासारखं राहू द्या.

अर्धा_पान्हा
@रामभरोसे, ज्यांना काही झालं नाही तेच इथे प्रतिसाद लिहायला उरलेत. बाकीच्यांचं लॉगिन नाही.

वंगणवाला
रामभाऊ, बाहेर फेकला जाणारा माणूस गवताच्या गंजीवर पडतो, असं आपण मनात धरून चालतो. पडतो तो रस्त्यावर, खांबावर, नाहीतर स्वतःच्याच गाडीखाली. गाडी उलटणं हा उघड्या गाडीचा खरा दुबळेपणा आहे, ते मान्य. पण मुलांना मोकळं ठेवून तो भरून निघत नाही. आणि बहुतेक अपघात उलटण्याचे नसतात, समोरून आदळण्याचे असतात.

साधा हिशोब करा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. गाडीचं नाक चेपून आत बसलेला माणूस पाऊण मीटरच्या आत थांबला, तर शरीरावर स्वतःच्या वजनाच्या तेरा-चौदा पट ओढ येते. २५ किलोचं मूल असेल तर तीनशे-साडेतीनशे किलो. मोठा माणूस असेल तर टनाच्या आसपास. ही ओढ तुमच्या त्या मिलिमीटरभर पत्र्यातल्या एका भोकावर येणार. त्यामुळे "धरेल का" याचं उत्तर आहे, नाही. नुसत्या वायसरवर तर अजिबात नाही. बोल्ट शाबूत राहतो आणि वायसर पत्र्यातून बटणासारखा निसटून वर येतो.

पत्र्याच्या खालून पोलादी पट्टी हवी, निदान ३ मिलिमीटर जाड आणि तळहाताएवढी. कडा आणि कोपरे गोल घासलेले हवेत, नाहीतर धक्क्याच्या वेळी तीच पट्टी पत्रा कापते. जमलं तर पट्टी अशा ठिकाणी घ्या जिथे पत्रा वळलाय किंवा दोन पत्रे एकमेकांवर येतात. सपाट पत्र्याच्या मधोमध नको, तिथे तो डब्याच्या झाकणासारखा बकबकतो.

आटेबाज
बोल्टबद्दल. सीट बेल्टचा जगभर चालणारा बोल्ट म्हणजे ७/१६ इंच यूएनएफ (बारीक आट्यांचं इंची माप), इंचाला २० आटे. गाडी मेट्रिक असली तरी पट्ट्याचे बोल्ट बऱ्याचदा याच मापाचे निघतात. खोक्यात पडलेला "बसतोय की" असा बोल्ट वापरू नका. १२ मिलिमीटरचा बोल्ट ७/१६ च्या नटात नीट बसत नाही, जोर लावून आवळला तर आटे खाऊन टाकतो.

पट्ट्याच्या बोल्टला डोक्याखाली खांदा असतो. तो शोभेचा नाही. बोल्ट पूर्ण आवळल्यावरही पट्ट्याच्या टोकाचं धातूचं पान त्या खांद्यावर मोकळं फिरायला हवं. पान जाम झालं तर ओढ तिरकी येते आणि पट्टा एका कडेवर फाटतो.

मूळरूप
सगळं वाचलं. पण साठ वर्षं न भोकसलेल्या गाडीला तुम्ही चार-सहा भोकं पाडायला निघालात, याचं कुणालाच काही वाटत नाही? कारखान्यातून जशी आली तशी ठेवणं हीच अशा गाडीची किंमत. लहान मुलांसाठी घरात दुसरी गाडी असेलच की.

कुंदा_क
@मूळरूप, मीही आधी असंच म्हणायचे. मग पट्टे लावले, तेही स्वतः. एक तोडगा सांगते: टोकाला आकडा असलेले पट्टे मिळतात. तळात डोळ्याचा बोल्ट कायमचा बसतो आणि आकडा त्यात अडकतो. प्रदर्शनाला जायचं असेल तर आकडे काढून पट्टे घरी ठेवायचे. डोळे सीटच्या फटीत लपतात. परीक्षक गुडघ्यावर बसून सीट उचलून बघणार असेल, तर त्याला चहा पाजा.

मात्र माझी चूक करू नका. मी मागच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर पट्टा गुंडाळून घेणारी रिळं बसवली होती. दिसायला झकास. टप वर असताना सगळं छान चाललं. पहिल्यांदा टप खाली घेतला आणि मधेच काहीतरी अडल्यासारखं वाटलं. वाटलं कापड जुनं आहे, ताठरलं असेल. दाबला. टपाच्या सांगाड्याची कात्रीसारखी मिटणारी दांडी थेट पट्ट्यावरून गेली होती. पट्ट्याला अर्ध्या रुंदीपर्यंत चावा, तोही नव्याकोऱ्या. त्या संध्याकाळी मी कुणाशी बोलले नाही.

म्हणून भोक पाडायच्या आधी टप दहा वेळा वरखाली करा. सांगाड्याची प्रत्येक दांडी कुठून कुठे जाते ते खडूने पत्र्यावर आखून घ्या. पट्टा ओढलेला आणि पट्टा गुंडाळलेला, दोन्ही वेळा.

अर्धा_पान्हा
टपाने पट्ट्याचा घास घेतला आणि कुंदाताईंनी अबोला धरला. शेजारच्यांना वाटलं असेल घरात भांडण झालं.

कुंदा_क
झालं होतं. टपाशी.

मणक्यांचा_डॉक्टर
टपउघडे, तुमच्या पहिल्या प्रश्नावर अजून कुणी नीट बोललं नाही, म्हणून जरा लांबण लावतो. माझा धंदा हाडांचा.

कमरेचा पट्टा "कमरेचा" म्हणतात, पण तो बसायला हवा ओटीपोटाच्या खाली, कमरेच्या हाडाच्या (श्रोणीच्या) पुढच्या दोन उंचवट्यांवर. मोठ्या माणसात हे उंचवटे पट्ट्याला खुंटीसारखे अडवतात. लहान मुलात ते पुरते तयार झालेले नसतात. त्यात मूल पाय वाकवायला म्हणून सीटवर पुढे सरकून बसतं, आणि पट्टा चढतो पोटावर. धडकेत मग वरचं सगळं शरीर पट्ट्यावर घडी होऊन पुढे जातं. आतडी फाटतात आणि कमरेचा मणका आडवा दुभंगतो. अशा अस्थिभंगाला चान्स फ्रॅक्चर म्हणतात. हा "चान्स" म्हणजे योगायोग नव्हे, १९४८ साली त्याचं वर्णन करणाऱ्या डॉक्टरांचं आडनाव.

म्हणजे कमरेचा पट्टा वाईट का? नाही. काहीच नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा, गाडीबाहेर फेकलं जाणं तो टाळतो. पण खांद्याचा पट्टा शक्य असताना नुसत्या कमरेच्यावर थांबू नका. आणि उंची वाढवणारी बूस्टरची बैठक नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर कधीच वापरू नका. बूस्टर मुलाला उचलून पट्ट्याच्या जागी आणतं, त्याला धरून ठेवत नाही. धरायला खांद्याचा पट्टा लागतोच.

पट्ट्याचा कोनही बघा. बाजूने पाहिलं तर सीटच्या फटीतून वर येणारा पट्टा जमिनीशी ४५ अंशांहून उभा असलेला चांगला. खालचे बोल्ट फार मागे घेतले तर पट्टा आडवा पडतो आणि पोटाकडे चढायला मोकळा होतो.

टपउघडे
डॉक्टर, धन्यवाद. तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. आता ती म्हणते, मोठ्यांनीही मागे बसायचं नाही.

वंगणवाला
बरं, आता वरचं टोक. इथेच उघड्या गाडीचं घोडं पेंड खातं. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना पुढच्या दोन बाजूच्या सीटवर खांद्याचा पट्टा सक्तीचा झाला, त्यातून कन्व्हर्टिबल वगळल्या होत्या. म्हणजे तुम्ही एकटे डोकं खाजवत नाही आहात.

मागे बहुधा एकच जागा उरते, चाकावरच्या कमानीचा आतला पत्रा, सीटच्या पाठीमागे. तिथे पत्रा वळलेला असतो, त्यामुळे बऱ्यापैकी ताठ असतो, आणि आतून-बाहेरून हात पोचतो. अडचण उंचीची. वरचं टोक खांद्याच्या पातळीला किंवा थोडं वर हवं. ते खांद्याच्या खूप खाली असेल तर पट्टा खांद्यावरून मागे-खाली वळतो, आणि धडकेत शरीर पुढे जायला लागलं की पट्टा खांद्याला खाली दाबतो. सगळा भार उभा मणक्यावर. डॉक्टर सांगतीलच.

मणक्यांचा_डॉक्टर
सांगायला नको. बरोबर आहे.

वंगणवाला
तर मोठ्या माणसासाठी कमान बहुतेक वेळा बुटकी ठरते. मुलाला पुरते, असं लोक म्हणतात. पण गंमत बघा: मुलाला बूस्टरवर बसवलं की त्याचा खांदाही तेवढाच वर जातो! म्हणून माप घ्यायचं ते मूल ज्यावर बसणार त्यावर बसवून. रिकाम्या सीटवर डोळ्याने अंदाज नको.

टपाच्या सांगाड्याला पट्टा बांधायचा विचारही करू नका. तो कापड ताणायला केलेला असतो.

नवखा_चालक
मधेच विचारतो. भंगारातल्या नव्या गाडीचे मागचे पट्टे काढून लावले तर? रिळासकट स्वस्तात मिळतात.

आटेबाज
नको. एक तर ती गाडी भंगारात का गेली ते माहीत नसतं. धडक खाल्लेला पट्टा ताणला गेलेला असतो, दुसऱ्यांदा तसा ताणत नाही. दुसरं, आताच्या बऱ्याच रिळांत धडकेच्या क्षणी पट्टा खेचून घेणारी दारूची छोटी नळकांडी असते. ती गाडीच्या संगणकाच्या हुकमावर चालते. तुमच्या गाडीत तो संगणकच नाही, फक्त नळकांडी घेऊन फिराल.

तिसरं महत्त्वाचं. रिळाच्या आत एक गोळी किंवा लोलक असतो. गाडी अचानक मंदावली की तो हलतो आणि रीळ अडकतं. हे रीळ ठरलेल्या कोनातच बसवावं लागतं. एका गाडीचं उभ्या खांबातलं रीळ दुसऱ्या गाडीत आडवं टाकलं तर ते एकतर कायम अडकलेलं राहतं, नाहीतर नको तेव्हा अडकतं. नवीन रीळ घेताना कोन सांगून घ्या. कोन बदलता येणारी रिळंही मिळतात. त्यातही भानगड नको असेल तर बिनरिळाचा, हाताने घट्ट करायचा पट्टा घ्या. कटकटीचा आहे, पण बिघडण्यासारखं त्यात काही नाही.

गंजोबा
माझा अनुभव. पट्टे आणले, बोल्ट आणले, पट्ट्या कापून रंगवून तयार. मागची सीट उचलली, खालचा नमदा काढला, डांबराचा थर पेचकसने खरवडला, आणि पेचकस हातात राहिला नाही. खाली पडला. जमिनीवर. गाडीतून.

पट्ट्याचं काम दोन दिवसांचं होतं. तळाचा पत्रा बदलायला आठ महिने गेले. कुठलाही सल्ला ऐकायच्या आधी सीट काढा आणि हातोडीच्या दांड्याने सगळीकडे टकटक करा. टणटण वाजलं तर पुढे जा. भद्द वाजलं तर आधी वेल्डिंगवाला गाठा. कुजलेल्या पत्र्याला ३ मिलिमीटरची पट्टी म्हणजे पापडाला खिळा.

अर्धा_पान्हा
"पेचकस हातात राहिला नाही" हे वाक्य मी फ्रेम करून गॅरेजात लावणार आहे.

मूळरूप
गंजोबांच्या प्रतिसादानंतर माझा विरोध थोडा मवाळ झालाय. निदान भोकं पाडायच्या निमित्ताने लोक पत्रा तरी बघतील. पण एक विनंती: भोक पाडण्याआधी कारखान्याने सोय ठेवली होती का ते तपासा. त्या काळात काही कंपन्या पट्टे देत नसत, पण नट मात्र आधीच वेल्ड करून ठेवत. वर रबराचं बूच, त्यावर नमदा. साठ वर्षं कुणी पाहिलेलंही नसतं.

वंगणवाला
+१. हे खरं तर मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं.

आणि नट नसलेच तर भोकापूर्वी गाडीखाली झोपून बघा. ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, हँडब्रेकची तार, धुराडं. काही गाड्यांत टाकी सीटच्या पाठीमागेच असते. खाली आलेला बोल्ट मागची चाकं फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टपासून किती दूर राहतो ते गाडी जॅकवर असताना बघून उपयोग नाही. चाकं टांगलेली असतात तेव्हा भरपूर जागा दिसते. चार माणसं बसून खड्ड्यात गाडी आपटली की मागचा धुरा वर येतो. माझ्या एका गाडीत बोल्टाचं टोक हँडब्रेकच्या तारेला घासत होतं. तार तुटल्यावर समजलं.

रामभरोसे
एवढं सगळं वाचून माझं मत बदललं नाही, पण एक शंका. हा पट्टा शोधून कुणी काढला म्हणे? असं कोण उद्योगी होतं?

कुंदा_क
तीन टोकांचा, आज सगळीकडे दिसतो तो, निल्स बोलिन यांनी व्होल्वोसाठी केला, १९५९ साली गाडीत आला. व्होल्वोने पेटंट इतर कंपन्यांनाही खुलं ठेवलं. मजा अशी की त्याआधी हे गृहस्थ साब कंपनीत विमानाच्या खुर्च्या करायचे, वैमानिकाला विमानाबाहेर उडवणाऱ्या. माणसाला बाहेर कधी फेकायचं आणि आत कधी धरायचं, हे त्यांना नेमकं ठाऊक असणार, रामभाऊ.

रामभरोसे
बरं बरं. हरलो.

मिनूची_आई
चार वर्षांच्या मुलासाठी एक गोष्ट सुटतेय. पाच पट्ट्यांचा स्वतःचा साज असलेली पुढे तोंड करून बसवायची बालआसनं असतात. त्यातली काही नुसत्या कमरेच्या पट्ट्याने बांधायला मान्य असतात. सगळी नसतात, आसनावरच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. मुलाला आसनाचा साज धरतो आणि आसनाला कमरेचा पट्टा धरतो. वरून मागे जाणारा आणखी एक पट्टा असेल तर त्याच्यासाठी वेगळा बोल्ट लागेल, त्यालाही पट्टी. मुलाचं वजन आसनाच्या मर्यादेत आहे ना, तेही बघा.

आणखी एक. तुमच्या पुढच्या सीटच्या पाठी दोन दारांच्या गाडीतल्या म्हणजे पुढे वाकणाऱ्या असणार. त्यांना खटका आहे का? जुन्या गाड्यांत बऱ्याचदा नसतो. मागचं मूल बांधलेलं राहील, पण जोरात ब्रेक लागला की पुढच्याची पाठ त्याच्यासकट पुढे झुकते.

टपउघडे
आठवड्याने परत आलोय. मोठा अहवाल.

सीट काढली. टकटक केली. उजवीकडे टणटण, डावीकडच्या कोपऱ्यात भद्द. गंजोबा, तुमची आठवण आली. वीतभर तुकडा कापून नवा पत्रा लावला, आठ महिने नाही, चार दिवस लागले.

मग मूळरूप यांचं ऐकून नमदा आणि डांबर काढत गेलो. बुचं आहेत! तळात चार, सीटच्या फटीच्या सरळ रेषेत. खाली वेल्ड केलेले नट, आटेबाजांनी सांगितलेल्याच मापाचे. तीन नटांत आट्यांचा टॅप फिरवल्यावर बोल्ट हाताने शेवटपर्यंत गेला. चौथा नेमका त्या भद्द कोपऱ्यातला, तो पत्र्याबरोबर गेला. तिथे नवी पट्टी आणि नवा नट. कमरेच्या पट्ट्यांसाठी एकही नवं भोक पाडावं लागलं नाही. मूळरूप, दंडवत घ्या.

कमानीवर मात्र काहीच सोय नाही. मोठीला बूस्टरवर बसवून माप घेतलं. तिचा खांदा कमानीच्या माथ्याहून पाच बोटं वर. वंगणवाल्यांनी सांगितलं होतं तसंच. पट्ट्याला वर उचलणारा कंस करून कमानीला वेल्ड करावा म्हणतो, पण तो माझ्या हातचा नाही, त्याला जाणता माणूस हवा.

तोवर धाकटा चिठ्ठी वाचून घेतलेल्या पाच पट्ट्यांच्या आसनात बसतो, आणि मोठी घरी फुगून बसते. तिला कारण समजावलं. ती म्हणाली, मग गाडीला छप्पर का नाही लावत.

पुढच्या सीटला खटका नव्हता. मिनूच्या आई, तो आता बसवलाय.

वंगणवाला
कंस करताना नुसता उभा खुंट नको. वरच्या टोकाला ओढ आली की तो खालच्या वेल्डला उचकटणार. पुढच्या दिशेने तिरका आधार घ्या, त्रिकोण झाला पाहिजे. दोन्ही कमानींना जोडणारी आडवी नळी टाकता आली तर सगळ्यात उत्तम, पण ती टपाच्या घडीच्या आड येते का ते कुंदाताईंच्या खडूने आधी आखा. आणि करणाऱ्याला सांगून ठेवा, मागे चित्र लावायचं नाहीये, टनाची ओढ धरायची आहे.

टपउघडे
खडू घेऊन बसलोय. घडी केलेला टप नळीच्या चार बोटं मागे राहतो. बहुतेक जमेल.

एक बारीक अडचण: पट्ट्यांची आतल्या बाजूची कुलपं सीटच्या फटीत बुडतात, दरवेळी हात घालून शोधावी लागतात. काही उपाय?

कुंदा_क
कुलपाच्या पट्ट्यावर ताठ प्लास्टिकची बाही मिळते, ती चढवा. उभं राहतं. मात्र पट्टा लहानच ठेवा, कुलूप मुलाच्या पोटावर आलं नाही पाहिजे, कुशीला राहिलं पाहिजे.

अर्धा_पान्हा
सगळं झालं. आता तरी मॉडेल?

टपउघडे
मोठी मागे बसली की फोटो टाकतो. ओळखा.